दफ्तरातून रचलेली बखर

या अंकासाठी एखाद्या चरित्रावर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादे संतचरित्र, फार तर होळकरशाहीतील एखाद्या मुत्सद्द्याचे चरित्र असावे. मी लिहितो आहे ते एका मोटारशर्यतपटूविषयी, आणि तेही ग्रंथाविषयी नव्हे, तर चित्रपटाविषयी. काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल याची मला कल्पना आहे. मोटारींच्या शर्यतीत मला स्वतःलाही गम्य नव्हते. नातवाच्या आग्रहाखातर ‘सेन्ना’ हा अनुबोधपट एकदा पाहिला, मग माझ्या स्वतःच्या समाधानासाठी आणखी दोनदा पाहिला, आणि तिसऱ्या खेपेस हातात कागद-पेन्सिल घेऊन बसलो. राज्यशासनाच्या सेवेत तीन दशकांहून अधिक काळ काढलेल्या माणसाची ही खोड आहे. कोणतेही प्रकरण टिपण काढल्याशिवाय त्याला पुरते समजत नाही.

चरित्रनायकाची ओळख प्रथम करून देतो. आयर्टन सेन्ना दा सिल्वा याचा जन्म २१ मार्च १९६० रोजी ब्राझीलमधील साओ पावलो येथे झाला. ‘सेन्ना’ हे त्याच्या आईचे माहेरचे आडनाव. ‘दा सिल्वा’ त्या देशात आपल्याकडील पाटील-कुलकर्ण्यांइतके सार्वत्रिक असल्यामुळे त्याने पुढे आईचेच नाव लावले. वयाच्या चौथ्या वर्षी त्याला पहिली कार्ट मिळाली, तेराव्या वर्षी तो पहिली अधिकृत शर्यत धावला, १९८४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला, आणि १९८८, १९९० व १९९१ असा तीन वेळा जगज्जेता ठरला. १६१ शर्यतींत ४१ विजय आणि ६५ वेळा आरंभरेषेवरील पहिले स्थान, असा त्याचा हिशेब आहे. १ मे १९९४ रोजी इटलीतील इमोला येथे, ताम्बुरेलो नावाच्या वळणावर, शर्यतीच्या सातव्या फेरीत त्याची गाडी भिंतीवर आदळली व त्याचा अंत झाला. वय अवघे चौतीस.

आसिफ कपाडिया यांनी दिग्दर्शित केलेला आणि मनीष पांडे यांनी लिहिलेला हा चित्रपट २०१० साली तयार झाला. दोघेही ब्रिटनमधील, दोघांचीही मुळे आपल्या देशातली. पांडे हे तर व्यवसायाने अस्थिशल्यविशारद. २०१२ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अनुबोधपट व सर्वोत्कृष्ट संकलन असे दोन बाफ्टा पुरस्कार मिळाले. संकलनाचा पुरस्कार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कारण पाऊणेदोन तासांच्या या चित्रपटासाठी दिग्दर्शकाने म्हणण्यासारखे नवे असे काही चित्रितच केलेले नाही. फॉर्म्युला वनच्या चालकांनी आपले चित्रसंग्रहाचे कोठार उघडून दिले. त्यात दूरचित्रवाणीची जुनी चित्रणे, कुटुंबाने घरी काढलेल्या फिती, शर्यतीपूर्वीच्या बैठकांची दृश्ये यांची भर पडली, आणि सगळा चित्रपट त्यातून शिवला गेला. मुलाखती नव्याने घेतल्या, पण बोलणाऱ्यांचे चेहरे दाखविले नाहीत. केवळ आवाज ऐकू येतात. खुर्चीत बसून आठवणी सांगणारे वृद्ध चेहरे मध्येच आले असते, तर आपण भूतकाळाकडे पाहत आहोत ही जाणीव झाली असती. येथे ती होत नाही. १९८४ सालच्या पावसात आपण १९८४ सालीच असतो.

ही युक्ती असामान्य आहे. पण याच ठिकाणी माझ्या मनात पहिली शंका उभी राहिली.

आपल्या इतिहासलेखनात बखर आणि दफ्तर यांचा जुना वाद आहे. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून अस्सल पत्रे गोळा केली ती बखरींवरील अविश्वासातून. बखरीत नायक असतो, खलनायक असतो, दैव असते, शकुन-अपशकुन असतात. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना आपण गहिवरतो, आणि पानिपतावर नेमके काय झाले हे ठरविण्यासाठी मात्र पत्रांकडे वळतो. कपाडियांच्या चित्रपटातील प्रत्येक तुकडा अस्सल आहे. एकही दृश्य बनावट नाही. तरीही ते तुकडे ज्या क्रमाने लावले आहेत तो क्रम बखरीचा आहे. कागद दफ्तरातला आणि रचना बखरीची. आणि कागद अस्सल असल्यामुळे रचनेविषयी शंका घेण्याचे प्रेक्षकाला सुचतच नाही. निव्वळ बखरीपेक्षा ही जात अधिक प्रभावी आहे, म्हणून अधिक सावधपणे वाचावयास हवी.

उदाहरणे देतो. १९८४ ची मोनॅको येथील शर्यत. मुसळधार पाऊस, दुबळ्या टोलमन गाडीत बसलेला नवखा सेन्ना तेराव्या क्रमांकावरून निघून दुसऱ्या क्रमांकावर येतो, अग्रभागी असलेल्या आलँ प्रोस्तला गाठू लागतो, आणि एकतिसाव्या फेरीनंतर शर्यत थांबविली जाते. विजयी प्रोस्त. प्रेक्षक हळहळतो, कोणीतरी सेन्नाच्या हातचा घास काढून घेतला असे त्याला वाटते. हे सर्व घडले, यात शंका नाही. पण दफ्तरात आणखी दोन कागद आहेत. एक, त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर स्टेफान बेलोफ नावाचा तरुण जर्मन चालक होता आणि तो या दोघांच्याही जवळ येत चालला होता. दोन, शर्यत अर्धवट राहिल्यामुळे नियमानुसार निम्मेच गुण दिले गेले, म्हणजे विजेत्या प्रोस्तला नवाऐवजी साडेचार. ती पुरेशी लांबली असती आणि प्रोस्त दुसरा आला असता तर त्याला सहा गुण मिळाले असते. वर्षाअखेर निकी लाउडाचे ७२ आणि प्रोस्तचे साडेएकाहत्तर गुण झाले, आणि प्रोस्तचे जगज्जेतेपद अर्ध्या गुणाने हुकले. ज्याच्या सोयीसाठी शर्यत थांबविली असे प्रेक्षकाच्या मनात ठसते, त्याचेच त्या थांबण्याने सर्वांत मोठे नुकसान झाले. बखरीला हा अर्धा गुण परवडत नाही.

दुसरे उदाहरण १९८८ चे. मॅकलारेन संघाच्या दोन गाड्या, एकीत सेन्ना, दुसरीत प्रोस्त. सोळापैकी पंधरा शर्यती या दोघांनीच जिंकल्या, सेन्नाने आठ व प्रोस्तने सात. वर्षभरातील सर्व गुणांची बेरीज केली तर प्रोस्तचे १०५ होतात आणि सेन्नाचे ९४. परंतु त्या काळच्या नियमाप्रमाणे उत्तम अकरा निकालच धरावयाचे होते. त्या हिशेबाने सेन्नाचे ९० आणि प्रोस्तचे ८७ झाले, व सेन्ना जगज्जेता ठरला. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता, तेव्हा विजय निर्विवाद. पण पुढच्या वर्षी जेव्हा नियमाचे बोट सेन्नाच्या विरुद्ध वळते, तेव्हा चित्रपट आपल्याला नियम म्हणजे राजकारण असे शिकवितो. नियम त्याच्या बाजूने असतो तेव्हा तो केवळ पार्श्वभूमी असतो. आयुष्यभर नियमपुस्तिका हाताळलेल्या माणसाला हा भेद खटकतो. कदाचित इतरांना खटकणार नाही.

जपानमधील सुझुका येथील दोन टकरींबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी थोडक्यात आटोपतो. १९८९ मध्ये शेवटच्या काही फेऱ्यांत दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या, प्रोस्त उतरला, सेन्नाने ढकलून गाडी सुरू करवून घेतली, शर्यत जिंकली आणि मार्गाचा एक भाग टाळल्याच्या कारणावरून तो बाद ठरला. जगज्जेतेपद प्रोस्तकडे गेले. आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाँ-मारी बालेस्त्र हे प्रोस्तप्रमाणेच फ्रेंच. चित्रपटातील त्यांचे दर्शन इतके गडद आहे की कोणत्याही संगीत नाटकातील कारस्थानी प्रधानाने त्यांच्यासमोर हार मानावी. १९९० मध्ये पुन्हा सुझुका, पुन्हा हेच दोघे, आणि पहिल्याच वळणावर टक्कर. दोघेही बाद, आणि त्यामुळे सेन्ना जगज्जेता. ही दुसरी टक्कर आपण जाणूनबुजून केली हे सेन्नाने स्वतः १९९१ मध्ये जाहीरपणे सांगितले. ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने, मागून इतर सर्व गाड्या येत असताना, मुद्दाम केलेली टक्कर. हे अक्षम्य होते असे मला वाटते. नायकाच्या थोरवीला त्यामुळे बाध येतो का? येतो. येऊ द्यावा. चित्रपटाने मात्र त्याआधीच्या अन्यायाची पायरी इतकी उंच बांधली आहे, की टक्कर होते तेव्हा प्रेक्षक मनातल्या मनात टाळी वाजवितो. मीही पहिल्या खेपेस वाजविली. प्रोस्त यांनी या चित्रपटाविषयी नापसंती व्यक्त केली, याचे मग आश्चर्य वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. तो या शर्यतींचा नाही, त्याआधीच्या पंधरा वर्षांचा आहे.

चित्रपटाची सुरुवात १९७८ सालच्या कार्ट शर्यतीपासून होते आणि शेवटही तिथेच परततो. अखेरीस एका पत्रकार परिषदेचे दृश्य येते. तुला सर्वाधिक समाधान कोणाशी झुंजताना मिळाले, असा प्रश्न सेन्नाला विचारला जातो. सभागृह प्रोस्तचे नाव अपेक्षित करते. तो नाव घेतो टेरी फुलरटन या इंग्लिश कार्ट-चालकाचे, आणि म्हणतो की ती निखळ शर्यत होती, तिच्यात राजकारण नव्हते आणि पैसाही नव्हता. हे उत्तर फार सुंदर आहे. इमोलाच्या मृत्यूनंतर ते ऐकताना डोळे ओलावतात. पण दोन टोकांना कार्ट ठेवून मधला सर्व प्रवास मात्र दिग्दर्शकाने जवळजवळ गाळून टाकला आहे. काही मिनिटांत मुलगा कार्टमधून उठतो तो थेट फॉर्म्युला वनच्या गाडीत येऊन बसतो. जणू बाळकृष्णाने पाळण्यातून उडी घेऊन कंसाच्या छातीवर बसावे.

वास्तविक खरी विद्या या गाळलेल्या भागातच आहे. कार्ट म्हणजे काय, हे वाचकांसाठी सांगितले पाहिजे. पोलादी नळ्यांचा एक सांगाडा, चार लहान चाके, बाजूला दुचाकीच्या मापाचे इंजिन, आणि जमिनीपासून चार बोटांवर बसलेला मुलगा. झटके सोसणाऱ्या स्प्रिंगा नाहीत. मागची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट बसविलेली. बैलगाडी वळताना बाहेरचे चाक जास्त फिरते व आतले कमी, हे आपण पाहिले आहे. कार्टमध्ये ही मुभा नाही, दोन्ही चाकांना सारखेच फिरावे लागते. त्यामुळे वळणावर सांगाडा पिळवटून आतले मागचे चाक किंचित उचलले जावे अशा बेताने ती फिरवावी लागते. उचलले नाही तर गाडी अडखळते, जास्त उचलले तर घसरते. त्या काळच्या शंभर घनसेंटिमीटरच्या इंजिनांत इंधनातच वंगण मिसळलेले असे. लांब सरळ रस्त्यानंतर तापलेले इंजिन अडकू नये म्हणून चालक एका हाताने सुकाणू धरीत, दुसऱ्या हाताच्या तळव्याने कार्ब्युरेटरचे तोंड क्षणभर झाकीत, म्हणजे हवा कमी होऊन इंधन व वंगण अधिक ओढले जाई. हे सर्व शेजारी वीतभर अंतरावर दुसरी कार्ट असताना. ज्या मुलाने आठ-नऊ वर्षे हे केले, त्याचे शरीर गाडीविषयी अशा काही गोष्टी जाणते की ज्या बुद्धीला सांगता येत नाहीत. वळणात असताना गाडीची गती देणारी कळ सेन्ना एकसारखी थरथरती ठेवी, हे त्याच्या समकालीनांनी नोंदविले आहे. पावसातले त्याचे अलौकिक कौशल्यही असेच. लहानपणी पावसात एकदा हरल्यानंतर तो आभाळ भरून आले की कार्ट घेऊन बाहेर पडत असे, असे सांगतात. मोनॅकोच्या पावसातील चमत्कार हा चमत्कार नव्हता. तो साओ पावलोच्या पावसातला रियाज होता. चित्रपट आपल्याला सेन्नाचा चेहरा वारंवार दाखवितो. फार देखणा, खिन्न चेहरा आहे. हातपाय क्वचित दाखवितो.

आणि पैसा नव्हता, हे म्हणणे. वडील मिल्टन दा सिल्वा हे मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्याचे मालक होते, जमीनजुमलाही होता. चार वर्षांच्या मुलासाठी पहिली कार्ट त्यांनीच बनविली, गवत कापण्याच्या यंत्राचे एक अश्वशक्तीचे इंजिन बसवून. पुढे इंजिने तयार करण्यासाठी साओ पावलोमधील ‘चे’ या टोपणनावाचा निष्णात स्पॅनिश कारागीर होता. १९७८ मध्ये हा अठरा वर्षांचा मुलगा इटलीतील डॅप या कार्ट कारखान्याच्या संघात येतो. फुलरटन हा त्याच संघातला, वयाने मोठा, १९७३ चा जगज्जेता. १९७९ आणि १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे सेन्ना जागतिक स्पर्धेत दुसरा आला. कार्टचे जगज्जेतेपद त्याला कधीच मिळाले नाही. समुद्र ओलांडून दरवर्षी युरोपात जाणे, राहणे, गाडी चालविणे, यांतील एकही गोष्ट फुकट होत नव्हती. सेन्ना खोटे बोलला असे मी म्हणत नाही. तो अगदी मनापासून बोलला. ज्याला पैसा मोजावा लागत नाही त्याला तो दिसत नाही, एवढेच. फुलरटन कार्टमध्येच राहिला. सेन्ना पुढे गेला. या दोन वाटा कोठे आणि कशामुळे फुटल्या, हा प्रश्न चरित्रकाराने विचारावयास हवा होता. तो त्याने सेन्नाच्या उत्तरातील गोडव्यावर सोडून दिला.

येथे एक कबुली देणे भाग आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त काही वर्षांपूर्वी मी संपादित केला. मूळ पुरुष कोकणातून एक वळकटी आणि एक तांब्या एवढ्याच भांडवलावर इंदुरास आले, असे त्याचे पहिले वाक्य आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, देवास, कोठल्याही जुन्या मराठी घरी हीच वळकटी आणि हाच तांब्या सापडेल. आमच्या पूर्वजांचे मामा त्याआधीच दरबारी नोकरीत होते व त्यांच्याच वाड्यात हे उतरले, याचा कागद माझ्यासमोर होता. मी तो परिशिष्टातही घातला नाही. घातला असता तर पूर्वजांच्या कर्तबगारीत काही उणे येणार नव्हते. वळकटी मात्र थोडी हलकी झाली असती. म्हणून कपाडियांवर आरोप करताना माझा आवाज फार चढत नाही.

१९८१ ते १९८३ या वर्षांचा वृत्तान्त चित्रपटात नसल्यासारखाच आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी तीच. एकविसाव्या वर्षी, नुकतेच लग्न झालेला हा तरुण इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात येऊन राहतो, फॉर्म्युला फोर्ड नावाच्या सर्वांत खालच्या वर्गात धावतो आणि पहिल्याच वर्षी विजेतेपदे मिळवितो. एवढे यश मिळाल्यावर वर्षअखेर तो शर्यती सोडल्याचे जाहीर करून ब्राझीलला परततो, वडिलांच्या व्यवसायात लक्ष घालण्यासाठी. काही महिन्यांत पुन्हा इंग्लंडला येतो. या वेळी एकटा. विवाह मोडलेला असतो. १९८२ मध्ये दोन हजार घनसेंटिमीटरच्या वर्गात तो ब्रिटिश व युरोपीय दोन्ही स्पर्धा जिंकतो. १९८३ मध्ये फॉर्म्युला थ्रीत पहिल्या नऊ शर्यती ओळीने जिंकतो, आणि मग मार्टिन ब्रंडल नावाचा इंग्लिश चालक त्याला असा घेरतो की अपघातांमागून अपघात होतात व निकाल शेवटच्या शर्यतीपर्यंत लांबतो. अखेर सेन्नाच जिंकतो. सुझुकाचा सेन्ना, कोणी पुढे जाऊ पाहत असेल तर माघार न घेणारा, टक्कर पत्करणारा, तो बालेस्त्रच्या अन्यायातून जन्मला नव्हता. तो येथे, या वर्षांत, आधीच तयार होता. हा भाग दाखविला असता तर अन्याय आणि प्रत्युत्तर हे चित्रपटाचे गणित सुटले नसते.

आणि ते परत फिरणे! कारखान्यात कसले दिवस गेले असतील, रात्री बापलेकांत काय बोलणे झाले असेल, कशापायी संसार पणाला लावून तो परतला? सरकारी गोपनीय चरित्रावलीत मी शेकडो अधिकाऱ्यांविषयी मत लिहिले. ज्याच्या नोंदीत एकही खंड नाही, असा माणूस मला कधी समजला नाही. जेथे कोणी रजा काढली, बदली नाकारली, राजीनामा लिहून परत घेतला, तेथे माणूस सापडे. सेन्नाच्या आयुष्यातील असा एकमेव खंड चित्रपटाने कोरा ठेवला.

इतके बोलून झाल्यावर इमोलाविषयी बोलले पाहिजे, कारण तेथे कपाडियांच्या पद्धतीने जे साधले आहे ते दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने साधले नसते. शुक्रवारी २९ एप्रिलला सेन्नाचा तरुण देशबंधू बारिकेलो भीषण अपघातातून वाचतो. शनिवारी ऑस्ट्रियाचा रोलांड रात्झेनबर्गर ठार होतो. सेन्ना दूरदर्शनच्या पडद्याकडे पाहतो, तोंड फिरवितो. वैद्य सिड वॉटकिन्स त्याला आता हे सारे सोडून दे असे विनवितात. तो सोडू शकत नाही. रविवार. निवेदन नाही, चेहरा नाही, केवळ त्याच्या गाडीवरील कॅमेऱ्याने पाहिलेला रस्ता. आपल्याला शेवट माहीत आहे, त्याला नाही. येथे बखरही गळून पडते. अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रोस्त दिसतो, आणि आतापर्यंत ज्याला आपण प्रतिनायक समजत होतो त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. एका दृश्याने चित्रपट स्वतःच्याच मांडणीला खोटे पाडतो. दिग्दर्शकाला हे कळले असावे, म्हणून तो थोर.

२०२४ च्या नोव्हेंबरात याच नावाची सहा भागांची नाट्यमालिका ब्राझीलमध्ये तयार होऊन नेटफ्लिक्सवर आली. गॅब्रिएल लिओने याने सेन्नाची भूमिका केली आहे. चित्रपटाने गाळलेले बरेचसे, बालपणीची कार्ट, इंग्लंडमधील दिवस, विवाह, तीत आहे. कुटुंबाच्या सहकार्याने ती झाली आहे, आणि ते जाणवते. सर्व माणसे इस्त्री केलेली. एक पत्रकार स्त्री तर काल्पनिकच घातली आहे. कोरी पाने भरली गेली, पण शाई फार गुळगुळीत आहे. तरी नव्या प्रेक्षकाने प्रथम मालिकेचे पहिले दोन भाग पाहावेत आणि मग चित्रपट, असे मी सुचवीन. नातवाचे मत उलट आहे.

पहिल्या दृश्याकडे पुन्हा एकदा पाहिले. १९७८. रंग उडालेली फीत, इंजिनांचा किरकिरा आवाज, एकमेकांना चिकटून वळणारी ती लहान वाहने. पोरसवदा सेन्ना कार्टमध्ये वाकून बसला आहे. मी कडेच्या गर्दीत मिल्टन दा सिल्वा कोठे दिसतात का ते शोधत होतो. फीत दोनदा मागे नेली. दिसले नाहीत.